वाऱ्याची बाजू

मार्सेयची माणसं 'कासी' म्हणतात. लिहिताना शेवटी एक 'स' असतो, पण तो उच्चारलात की समोरचा ओळखतो, हा पाहुणा. पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली, "रविवारी कासीला जा, सुंदर आहे," तेव्हा मला हसू आवरेना. आमच्याकडे काशीला म्हातारपणी जातात, आणि पूर्वी तर घरच्यांचा निरोप घेऊन, परत येऊ न येऊ अशा बेतानेच जात. मी निघाले ती एकतिसाव्या वर्षी, नव्वद युरोंना घेतलेल्या जुन्या सायकलवरून. आणि परत न येण्याची वेळ माझ्यावरही जवळजवळ आलीच.

हे 2014 च्या ऑक्टोबरमधलं. मी लुमिनीला राहायची. मार्सेयच्या दक्षिण टोकाला विद्यापीठाचं आवार आहे, ते जिथे संपतं तिथूनच कालांकचं जंगल लागतं. कालांक म्हणजे पांढऱ्या चुनखडीच्या डोंगरात घुसलेल्या समुद्राच्या अरुंद, खोल खाड्या. दोन्ही बाजूंना कडे आणि कड्यांच्या फटींत तगून राहिलेले पाइन. 2012 साली त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. जमीन साडेआठ हजार हेक्टर आणि समुद्र त्याच्या पाचपट, असं ते विचित्र मापाचं उद्यान. आत डांबरी रस्ते नाहीतच म्हटलं तरी चालेल. सायकलवाले त्याच्या कडेकडेने फिरतात. वरच्या अंगाने जिनेस्तचा घाट, मार्सेयहून कासीला नेणारा. कासीपुढे कड्याच्या माथ्यावरून ला सियोताला जाणारा दुसरा रस्ता, त्याचं नावच 'धारेवरचा रस्ता'. हे दोन रस्ते जोडले की उद्यानाची एक बाजू पुरी होते.

मी कोकणातली. देवरुखजवळ आमचं घर, खाली आजोबांची काजूची बाग. वारा मला नवा नव्हता. पण आमच्याकडे वारा आभाळ घेऊन येतो. काळं दिसलं की माणूस वळचणीला थांबतो. मिस्त्राल मात्र आभाळ पुसून येतो. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उतरणारा हा वायव्येचा कोरडा, गार वारा सुटला की ढगाचा ठिपका उरत नाही, निळाई इतकी स्वच्छ की घरात बसवत नाही. त्या रविवारी मी अशाच निळाईला भुलले.

जाताना मला वाटलं, आपण जन्मजात सायकलपटू आहोत. जिनेस्तचा माथा 327 मीटर, चढ लांबलचक पण फारसा अंगावर न येणारा. मी दुसऱ्या गिअरवरही उतरले नाही. माथा आला, मागे वळून पाहिलं तर अख्खं मार्सेय पायाशी. वडिलांनी फोनवर बजावलं होतं, "मार्सेलिसच्या धक्क्याचा फोटो पाठव, सावरकरांनी उडी मारली तिथला." आमच्या घरात त्या शहराची एवढीच ओळख: 8 जुलै 1910, मोरिया बोट. धक्का नेमका कुठला ते शोधणं काही माझ्या हातून झालं नव्हतं. मी माथ्यावरून दिसणाऱ्या सगळ्या शहराचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'यातच कुठेतरी.' मग कार्पियान्यच्या लष्करी छावणीची पाटी गेली आणि उतारावरून सुसाट कासी. बंदरावर बसून कॉफी प्यायले. वारा पाठीशी होता हे माझ्या डोक्यातही आलं नाही. पाठीशी असलेला वारा कुणाला कळत नाही, माणूस त्याला आपली ताकद समजतो.

परतीला वळले आणि तोच वारा तोंडावर आला. गाव संपायच्या आत मी सगळ्यात हलक्या गिअरवर होते, त्याच्यापुढच्या किलोमीटरमध्ये उतरून सायकल ढकलत होते, आणि घाटाच्या मध्यावर एका झोताने सायकलसकट आडवी होता होता वाचल्यावर रस्त्याकडेच्या दगडाला टेकून उभी राहिले. तेव्हा ते आले. सत्तरी ओलांडलेले, वाळक्या अंगाचे, डोक्यावर पातळ कापडी टोपी, पायडल मारतायत असं वाटूच नये इतक्या संथ लयीत. थांबले.

"पंक्चर?"

"नाही. वारा."

ते हसले नाहीत. टायर अंगठ्याने दाबून पाहिले, माझी सीट दोन बोटं वर घेतली, आणि म्हणाले, "माझ्या चाकाला लाग."

फ्रेंच सायकलवाल्यांचा हा रोजचा शब्दप्रयोग: चाक धरणं. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक वीतभर अंतरावर ठेवायचं, की वारा त्याच्या छातीवर आपटून फुटतो आणि आपण त्याच्या आडोशाला राहतो. मागच्याची पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते असं मोजून काढलेलं आहे. मला मोजायची गरज पडली नाही. एखाद्या खोलीत शिरून दार लावून घ्यावं तसा आवाज थांबला. त्यांनी मान न वळवता एवढंच सांगितलं की चाकाकडे पाहू नकोस, माझ्या कमरेकडे बघ, चाकाकडे बघणारा चाकावर पडतो. वारा उजवीकडून यायचा तेव्हा ते रस्त्याच्या उजव्या काठाला सरकायचे आणि मी त्यांच्या डाव्या खांद्यामागे. वाऱ्याची बाजू नेहमी त्यांची. माथ्यापर्यंत आम्ही एक अक्षर बोललो नाही. व्होफ्रेजच्या खाली, शहर सुरू होतं तिथे ते थांबले, म्हणाले, "पुढच्या वेळी आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं. येताना त्याने आणून सोडलं पाहिजे," आणि वळून पुन्हा कासीच्या दिशेने निघाले.

नंतर मला कळलं की त्यांचं घर ला सियोताला होतं. माझ्यासाठी हा माणूस उलट्या दिशेने, वाऱ्याविरुद्ध, एक अख्खा घाट चढून आला होता.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही. मी त्यांना शेवटपर्यंत 'मस्यो', म्हणजे 'महाशय', म्हणत राहिले. त्यांनी पहिल्या वाक्यापासून मला अरे-तुरे केलं आणि मला सांगितलं की सायकलवर सगळे अरे-तुरेच असतात. पण वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला 'तू' म्हणायला माझी जीभ कोणत्याही भाषेत वळत नाही. त्यामुळे तीन वर्षं आमचं संभाषण असं एका बाजूने 'तू' आणि दुसऱ्या बाजूने 'तुम्ही' चाललं. फ्रेंचांना ते चमत्कारिक वाटायचं. मला अगदी घरच्यासारखं वाटे.

रविवार ठरून गेले. मार्सेयमधल्या फुटबॉलच्या प्रचंड स्टेडियमचं नाव वेलोद्रोम आहे. 1937 मध्ये ते बांधलं तेव्हा त्यात सायकलींची धावपट्टी होती, आता नावच काय ते उरलंय. दर ऑक्टोबरला तिथून कासीपर्यंत वीस किलोमीटरची पळण्याची शर्यत होते, 1979 पासून, याच जिनेस्तवरून. मस्योंच्या मते पळणं हे सायकल चोरीला गेलेल्यांनी करावं. ते ला सियोताहून यायचे, मी लुमिनीहून, माथ्यावर भेटायचो. मग वारा असेल तसा बेत. वारा नसला की धारेवरचा रस्ता.

त्या रस्त्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं. कासीच्या पश्चिमेला सगळं पांढरं: चुनखडी, उन्हात डोळे दिपवणारी. पूर्वेला एकदम रंग बदलतो. कॅप कानायचा कडा तांबूस, वाळूचा आणि गोट्यांचा काला होऊन गोठलेला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला जांभाच वाटला. मी उतरून हात लावून पाहिला. जांभ्याला भोकं असतात, याला गोटे होते. तिथला सगळ्यात उंच कडा 394 मीटरचा, थेट समुद्रात. ज्याने कोकणकडा पाहिलाय त्याला उंचीचं कौतुक वाटणार नाही, पण कोकणकड्याखाली लाटा नाहीत. कासीकडून चढ दांडगा आहे, काही ठिकाणी पुढचं चाक उचललं जाईल की काय असं वाटतं. वर पोचल्यावर रस्ता धारेवरून वरखाली होत जातो, उजवीकडे कठडाही नसलेली जागा आणि मग फक्त हवा. मिस्त्राल इथे डाव्या खांद्यामागून येतो. म्हणजे ढकलतो तो कड्याकडे.

आणि शेवटी ला सियोता. तिथल्या रेल्वे स्थानकात येणारी गाडी ल्युमिएर बंधूंनी टिपली, ती सिनेमाच्या इतिहासातली गाडी. त्या कुटुंबाचं तिथे घर होतं. 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांच्या फितींचा पहिला खेळ झाला, त्यातही गाडी येण्याची एक फीत होती. हे मी मस्योंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. त्यांनी गावात काहीतरी येताना दाखवलं. आमच्या पिढीने जातानाच पाहिलं."

जाताना म्हणजे जहाजं. पंधराव्या वर्षी ते तिथल्या जहाजबांधणीच्या गोदीत उमेदवार म्हणून लागले, पत्रे वाकवायचं आणि जोडायचं काम. 1980 च्या दशकाच्या अखेरीला गोदी बंद पडली. बहुतेकांनी भरपाईचे पैसे घेतले. 105 जण हटले नाहीत, गोदी ताब्यात घेऊन बसले आणि 1994 पर्यंत बसून राहिले. त्यांच्यामुळे क्रेन भंगारात गेल्या नाहीत. आज त्या धक्क्यावर श्रीमंतांच्या मोठमोठ्या यॉट दुरुस्त होतात आणि गावातल्या पोरांना काम मिळतं. मी सहज विचारलं, "तुम्ही त्या एकशेपाचांत होतात ना?"

"नाही," ते म्हणाले. "मी पैसे घेतले. दोन मुली शाळेत होत्या." मग थोड्या वेळाने, गॅरेजचं दार लावता लावता: "मी सहा वर्षं त्यांच्या चाकाला लागून होतो."

हे बोलणं झालं ते त्यांच्या गॅरेजमध्ये, 2015 च्या वसंतात. माझ्या नव्वद युरोंच्या सायकलची फ्रेम मागच्या चाकाच्या आसापाशी तडकली होती. दुकानदाराने बघून खांदे उडवले होते, पोलाद आता कोण जोडतं, नवी घ्या. मस्योंनी तडा काचकागदाने घासून चकचकीत केला, पांढरी पूड लावली, टॉर्च पेटवली. पोलाद तांबडं झालं, मग नारिंगी. त्यांनी पितळेची सळई ज्वाळेत न धरता तापलेल्या पोलादाला टेकवली आणि ती पाण्यासारखी तड्यात ओढली गेली. मी ओरडलेच, "झाळ!" आमच्या गावच्या तांबटाच्या दुकानात हंड्याला झाळ द्यायचे ते मी लहानपणी तासन् तास बघितलं होतं. त्यांना तो शब्द फार आवडला. झ त्यांना जमला, ळ काही शेवटपर्यंत जमला नाही. 'झाल' म्हणायचे. मी म्हटलं, तोही शब्द बरोबर आहे, काम झालं की तोच म्हणतात.

पैसे विचारले तर त्यांनी ऐकूच आलं नाही असं केलं. मग मी बेसनाचे लाडू एका पत्र्याच्या डब्यात घालून नेले. पुढच्या रविवारी डबा परत आला, आत जर्दाळू. उसनी वाटी रिकामी परत करू नये हे आईने मला शिकवलं होतं, ला सियोताच्या म्हाताऱ्याला कुणी शिकवलं होतं देव जाणे. तो डबा दोन वर्षं जिनेस्तवरून ये-जा करत होता. कधी चकल्या, कधी खारवलेले ऑलिव्ह. चकलीचा त्यांनी आधी यंत्राचा भाग समजून अभ्यास केला.

आता जे सांगायचं ते.

प्रोव्हान्सच्या त्या किनाऱ्यावर 1 जून ते 30 सप्टेंबर डोंगर सरकारच्या हुकमाने उघडतो आणि मिटतो. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा रंग जाहीर होतो: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. लाल म्हणजे जंगलात पाऊल टाकायचं नाही. जुलैत पाऊस जवळजवळ नसतोच. चुनखडीत पाणी ठरत नाही. पाइन राळेने भरलेले, खाली रोजमेरी, थाइम, काटेरी बुटका ओक, सगळं तेलकट आणि वाळलेलं. त्यात मिस्त्राल. 1990 च्या ऑगस्टमध्ये मार्सेयच्या बाजूला लागलेली आग डोंगर ओलांडून कासीपर्यंत आली होती. 2009 च्या जुलैत लष्करी सरावातल्या गोळ्यांनी पेट घेतला आणि हजाराहून जास्त हेक्टर गेलं. धारेवरचा रस्ता बंदीच्या दिवशी फाटक लावून बंद करतात.

मी वणव्याच्या मुलखातली. दर फाल्गुनात आमच्या बागेच्या वरचा सडा पेटायचा, आजोबा रात्री कंदील घेऊन हिंडायचे. तरी मी 2015 च्या जुलैत अशाच एका बंदीच्या दिवशी पहाटे फाटकाच्या बाजूने सायकल उचलून पलीकडे नेली. कारण सांगायलाही लाज वाटते. चार दिवस कामात काहीच धड होत नव्हतं आणि मला रिकामा रस्ता हवा होता. मी काही पेटवणार नव्हते, विडी-सिगारेट ओढत नाही, सायकलने ठिणगी पडत नाही. असा माझा युक्तिवाद होता.

कॅप कानायच्या पुढच्या वळणावर झोत आला. मी पडले ती सुदैवाने कड्याच्या अलीकडच्या खडीत. डावं कोपर सोलून निघालं, मनगट हलेना. फोन केला तो मस्योंना, दुसरं कुणी सुचलंच नाही. ते म्हणाले, "आलो," आणि खरंच दहाव्या मिनिटाला आले, पण सायकलवरून नाही. नारिंगी रंगाची जीप, अंगात नारिंगी शर्ट. उन्हाळ्यात गावोगावचे लोक स्वयंसेवक म्हणून वणव्याची राखण करतात, टेहळणी करतात, गाडीत पाण्याची टाकी आणि पंप घेऊन फिरतात. मस्यो त्यातले एक आहेत हे मला नऊ महिन्यांत माहीत नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं की उन्हाळ्यात वाऱ्याच्या दिवशी तुम्ही कुठे असता.

त्यांनी सायकल टाकीला बांधली, मला बसवलं, खाली दवाखान्यात नेलं, मनगटाचा फोटो निघेपर्यंत बाकावर बसून राहिले. मोडलं नव्हतं. मग लुमिनीला घरी सोडलं. सगळ्या वाटेत एक शब्द नाही. मी उतरताना आभार मानायला लागले, त्यांनी घड्याळात पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "दोन तास. दोन तास वर गाडी नव्हती."

मी जिना चढले आणि दारातच बसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मला वाटत होतं माझ्यावर उपकार झालेत एका माणसाचे. त्यांनी हिशोब वेगळाच दाखवला. मी घेतलं होतं ते त्यांच्याकडून नाहीच, डोंगराकडून. त्या दोन तासांत वर कुठे धूर निघाला असता तर पाण्याची ती टाकी दवाखान्याच्या दारात उभी होती, माझ्या सायकलसह.

तीन रविवार ते माथ्यावर आले नाहीत. मग मीही जाईनाशी झाले. सप्टेंबर सरला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फोन: "शनिवारी सकाळी आठ. जाड हातमोजे आण. तुझे दोन तास आहेत."

कायदा असा की जंगलालगतच्या घराभोवती पन्नास मीटरपर्यंत झाडोरा साफ ठेवायचा. ला सियोताच्या वरच्या अंगाला एक एकटी म्हातारी राहायची, तिला ते होण्यासारखं नव्हतं. मस्यो दरवर्षी तिचं कुंपण साफ करत. मला त्यांनी मोठी कात्री दिली आणि काटेरी ओकची एक पट्टी नेमून दिली. तो ओक फारसा वाढत नाही, पण पानन् पान सुईसारखं. एका झुडपाच्या बुडाशी कात्री पोचवायची तर पोटावर पडावं लागतं. मी कापत होते, ते फांद्या ओढून ढीग करत होते. आजोबा जाळरेषा काढायचे तेव्हा आम्ही पोरं असंच गवत ओढायचो. हे मला सांगावंसं वाटलं, पण तोंड उघडलं नाही. दहा वाजता त्यांनी घड्याळ पाहिलं.

"झाल," ते म्हणाले.

माझी पट्टी अर्धी राहिली होती. मी म्हटलं पुरी करते. ते म्हणाले, नको, उरलेली माझी. आणि खरोखर त्यांनी मला कात्री हातात घेऊ दिली नाही. म्हातारीने कॉफी आणली, आम्ही पायरीवर बसून प्यायलो, आणि तो विषय त्यांनी पुन्हा जन्मात काढला नाही.

मला आजही याचं नवल वाटतं. डोंगराचे दोन तास त्यांनी मिनिटामिनिटाने वसूल केले. स्वतःचं एक पैशाचंही कधी मागितलं नाही. ती झाळ, ते चढ, तो पहिला घाट दोनदा चढणं, कशाचाच हिशोब नाही. सायकलवाल्यांच्यात रीत आहे, आळीपाळीने पुढे यायचं, थोडा वेळ तू वारा खा, थोडा वेळ मी. मी किती वेळा म्हटलं, मस्यो, आता मी. ते म्हणायचे, पुढच्या वर्षी. एकदा, फक्त एकदा, कार्पियान्यजवळच्या सपाटीवर त्यांनी कोपर हलवलं, म्हणजे ये पुढे. मी आले. छाती फुटेस्तोवर मारलं. तीन-चारशे मीटर झाले असतील, ते बाजूने आले आणि पुन्हा पुढे गेले. "तू रेषेत चालत नाहीस," म्हणाले. "तुझ्यामागे मला जास्त दमायला होतं."

एका रविवारी त्यांनी वाट बदलून मला मजार्गला नेलं. मार्सेयच्याच हद्दीत, लुमिनीहून शहरात जाताना लागतं, मी रोज बसने त्याच्याजवळून जायची. तिथे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे आणि मागच्या बाजूला हिंदी सैनिकांचं स्मारक, ज्यांचं दहन झालं त्यांच्यासाठी. 1914 च्या सप्टेंबरअखेर हिंदी पलटणी याच बंदरात उतरल्या होत्या. ते फाटकाशी सायकली धरून उभे राहिले, म्हणाले, "तू जा. तुझी माणसं आहेत." मी आत गेले आणि कोरलेलं वाचत राहिले. बाहेर आले तेव्हा ते उन्हात तसेच उभे होते, टोपी काढून.

2016 च्या सप्टेंबरात जिनेस्तच्या बाजूला डोंगर पेटला. मी लुमिनीच्या खिडकीतून धूर पाहिला, पहिल्यांदा पिवळट, मग काळा. पिवळी-तांबडी विमानं समुद्रावर पोट घासून सहा हजार लिटर पाणी उचलायची आणि धुरात शिरायची. गच्चीवर राख पडत होती. मी फोन हातात घेऊन बसले, पण करेना. गाडीत असतील, हात मोकळे नसतील. रात्री अकराला त्यांचाच आला. "घरी आहेस ना?" एवढंच. मी हो म्हटलं. "बरं," म्हणाले आणि ठेवला. दोन तासांचं प्रकरण मिटलंय असं मला वाटायचं ते तेव्हापासून वाटेनासं झालं.

पुढच्या वसंतात आम्ही त्या जळक्या उतारावरून गेलो. काळ्या खोडांखाली पाइनची बोंडं उमललेली होती. आगीच्या तापाने ती उघडतात आणि बी सांडतात. आणि ज्या काटेरी ओकने माझे हात सोलले होते तो मुळातून पुन्हा फुटला होता, पोपटी. मस्योंनी त्याला बुटाचं टोक लावलं. "याला कुणाची गरज नाही," म्हणाले.

जूनमध्ये मी परत आले. सायकल त्यांच्या नातीला दिली, झाळ दाखवून, की इथे कधी तुटणार नाही. डबा मात्र माझ्याकडे राहिला. शेवटच्या पाळीला भरून द्यायची वेळ माझी होती आणि निघण्याच्या गडबडीत राहूनच गेलं.

आता आजोबा नाहीत, बाग मी बघते, नोकरी सांभाळून. थंडी ओसरू लागली की शनिवार-रविवार देवरुखला जाते आणि गडी घेऊन जाळरेषा काढते. दहा-बारा हात रुंद पट्टी, गवत कापून, जाळून. मस्यो ऐंशीच्या घरात आहेत. गुडघा बदललाय, डोंगरावर जाणं बंद, सायकल भिंतीला. पण जानेवारीत मी बागेतून फोन लावला की त्यांचा आवाज एकदम तरतरीत होतो.

"कुठला वारा?"

"मतलई. जमिनीकडून सुटतो सकाळचा. दुपारी फिरेल, समुद्राकडून येईल."

"म्हणजे आत्ता पूर्वेचा. किती?"

"पानं हलतायत. फांद्या नाही."

ते क्षणभर विचार करतात. मला उत्तर ठाऊक असतं. आजोबा हेच करायचे, वाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर सरपटत येते, पळत नाही. पण मी विचारते, आणि गडी काडीपेटी धरून माझ्याकडे बघत उभा असतो.

"पश्चिमेकडून पेटव," ते म्हणतात. "आणि पाणी कुठे आहे तुझं?"

"दोन पिंपं. इथेच."

"दुपारच्या आत उरक," म्हणतात, आणि फोन ठेवत नाहीत, गवत पेटल्याचा आवाज येईपर्यंत.